सेफ्ट्रायाक्झोनची एक व्हायल: ट्रेमध्ये घेतल्यापासून केस पेपरवर सही होईपर्यंत

नोकरीचं पहिलं वर्ष, नाईट ड्युटी, बेडला आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) चालू. मी सेफ्ट्रायाक्झोनची व्हायल (पावडरची छोटी बाटली) विरघळवली, थ्री-वेला (सलाईनच्या नळीतला तीन तोंडांचा जोड) सीरिंज लावली आणि पुश करायला लागले, दोनेक एमएल गेले असतील नसतील तोच थ्री-वेच्या खाली नळीत पांढुरकं दिसायला लागलं, पाण्यात चुना कालवल्यासारखं. हात थांबला हे नशीब. क्लॅम्प मारला, इंट्राकॅथपासून (शिरेत बसवलेल्या बारीक नळीपासून) वरचा सगळा सेट काढून टाकला, मोठ्या सिस्टरना उठवलं, त्यांचा ओरडा खाल्ला. पेशंटला काही झालं नाही, त्याला तर कळलंही नाही. पण ती नळी माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही, आणि आता वॉर्डात नवीन मुली आल्या की मी पहिल्या दिवशी त्यांना हीच गोष्ट सांगते.

सेफ्ट्रायाक्झोन हे अँटिबायोटिक म्हणजे आपल्याकडे तालुक्याच्या दवाखान्यापासून मोठ्या हॉस्पिटलपर्यंत रोज फुटणारी व्हायल, आणि रोज फुटते म्हणूनच तिच्याकडे कोणी नीट बघत नाही. औषध चांगलंच आहे. मी बघितलेल्या बहुतेक चुका त्याच्या सोबतीला काय होतं त्यातल्या होत्या, म्हणजे व्हायलमध्ये कुठलं पाणी टाकलं, लाईनमध्ये कुठलं सलाईन होतं, बेडवर कोण होतं. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहितेय. कुठलं औषध, किती आणि किती दिवस हे डॉक्टरच लिहिणार, पण शिरेत जातं ते आपल्या हातून, त्यामुळे लिहिलेलं बरोबर आहे का हे कळण्याइतकं आपल्याला यायलाच पाहिजे.

आधी हे कशावर चालतं ते

तिसऱ्या पिढीचं सेफालोस्पोरिन (पेनिसिलीनच्या नात्यातला अँटिबायोटिकचा गट). न्यूमोनिया, टायफॉईड, मेनिंजायटिस, किडनीपर्यंत गेलेलं युरिन इन्फेक्शन, पोटातलं इन्फेक्शन (पण तिथे सोबत मेट्रोनिडाझोल लागतं कारण आतड्यातल्या अ‍ॅनारोब जंतूंवर, म्हणजे ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्यांवर, याचा भरवसा नाही), गनोरिया, पावसाळ्यात कोकणात दिसणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), या सगळ्यात ते वापरतात. शरीरात टिकतं बराच वेळ, अर्धं औषध बाहेर पडायला साधारण ६ ते ९ तास लागतात, म्हणून बहुतेक आजारांत दिवसातून एकदाच पुरतं, आणि मला विचाराल तर याच्या लोकप्रियतेचं निम्मं कारण हेच आहे, एकदा सकाळी दिलं की झालं.

आता चालत नाही ते. एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफ जंतू) नाही, एंटरोकॉकस नाही, लिस्टेरिया नाही, स्युडोमोनास नाही. ईएसबीएल (अशी औषधं तोडणारं एन्झाइम) बनवणाऱ्या ई. कोलाय आणि क्लेबसिएलावर नाही, आणि असे जंतू आपल्याकडे युरिनच्या रिपोर्टमध्ये सर्रास दिसतात. स्क्रब टायफसवर (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) अजिबात नाही. विदर्भातल्या सिस्टर्सनी हे लक्षात ठेवायचं, शेतातून आलेला पेशंट, आठवडाभर ताप, काखेत नाहीतर जांघेत सिगारेटचा चटका दिल्यासारखा काळा डाग दिसला तर तो लगेच डॉक्टरांना दाखवा, त्याला डॉक्सीसायक्लिन लागतं आणि आपण मात्र रोज इमानेइतबारे सेफ्ट्रायाक्झोन देत बसतो. डेंग्यू आणि व्हायरल तापावर तर याचा काहीच उपयोग नाही. "तीन दिवस झाले ताप उतरत नाही, जरा पॉवरचं इंजेक्शन लावा ना" असं नातेवाईक म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात हेच असतं. डब्ल्यूएचओने अँटिबायोटिक्सचे तीन गट केलेत, त्यात हे मधल्या 'वॉच' गटात बसतं, म्हणजे जपून वापरायचं. आपल्याकडेही ते शेड्युल एच-वन मध्ये आहे, खोक्यावर लाल रेघ असते, आणि मेडिकलवाल्याला चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, विकलं त्याची वेगळ्या रजिस्टरला नोंद ठेवावी लागते. हा नियम २०१४ पासून आहे. किती पाळला जातो ते तुम्हीच बघा.

पेशंटजवळ जाऊन विचारायचं

ट्रे भरायच्या आधी बेडपाशी जा. "काही अ‍ॅलर्जी आहे का?" असं विचारलं तर दहातले नऊ जण नाही म्हणतात, कारण अ‍ॅलर्जी म्हणजे त्यांच्या लेखी खाज. मी असं विचारते: "याआधी कधी इंजेक्शन किंवा गोळी घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, दम लागला, चक्कर येऊन पडलात, असं झालंय का? कुठल्या औषधाने? किती वेळात?" किती वेळात हे महत्त्वाचं. पेनिसिलीननंतर तासाभरात घसा आवळला आणि बीपी पडलं असं कोणी सांगितलं तर व्हायल हातात घ्यायचीच नाही, डॉक्टरांना फोन. लहानपणी अमॉक्सिसिलीनने थोडे पुरळ आले होते एवढंच असेल तर तो धोका बराच कमी, सेफ्ट्रायाक्झोनची रचना पेनिसिलीनपेक्षा बाजूच्या साखळीत वेगळी आहे, डॉक्टर बहुधा द्या म्हणतील, पण सांगायचं तरीही, ठरवणार ते. सेफोटॅक्झिम किंवा सेफेपिमने रिअ‍ॅक्शन आली असेल तर मात्र याच्याशी त्यांचं जवळचं नातं आहे, तिथे जपा.

टेस्ट डोसबद्दल थोडं स्पष्टच बोलते. आपल्याकडे पद्धत आहे, कातडीत थोडंसं टोचायचं, पंधरा-वीस मिनिटांनी बघायचं, काही उठलं नाही की केस पेपरवर 'टीडी निगेटिव्ह' लिहून निर्धास्त व्हायचं. तुमच्या हॉस्पिटलचा नियम असेल तर करा, पण निर्धास्त होऊ नका. टेस्ट निगेटिव्ह येऊनही रिअ‍ॅक्शन येते, आणि नुसती लाली उठली म्हणून चांगलं औषध बंद होतं असंही होतं. नीट विचारलेली हिस्ट्री आणि हाताशी असलेलं अ‍ॅड्रिनलिन या दोन गोष्टी त्या टेस्टपेक्षा कामाच्या.

अजून काय विचारायचं तर वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिट्रोम चालू आहे का (ही रक्त पातळ करणारी औषधं, सोबत हे दिलं तर रक्त जास्त पातळ होऊ शकतं, आयएनआर म्हणजे रक्त गोठण्याची तपासणी बघावी लागते), लिव्हर आणि किडनी दोन्ही खराब आहेत का. एकटी किडनी खराब असेल तर याचा डोस सहसा कमी करावा लागत नाही, कारण औषध अर्धं लघवीतून आणि अर्धं पित्तातून जातं, एक दार बंद झालं तर दुसरं असतं. दोन्ही दारं बंद असतील तर दिवसाला २ ग्रॅमच्या वर जायचं नाही. गरोदर बाईला गरज असेल तर देतात, तिथे उगाच घाबरायचं कारण नाही.

आणि बेडवर बाळ असेल तर वयाचे दिवस मोजायचे. हे इतकं महत्त्वाचं आहे की पुढे वेगळं लिहिलंय.

कल्चर आधी, व्हायल नंतर

ब्लड कल्चरची ऑर्डर असेल तर पहिला डोस जायच्या आधी रक्त घ्यायचं. एक डोस आत गेला की बाटलीत जंतू वाढण्याची शक्यता खाली येते आणि मग पाच दिवसांनी 'नो ग्रोथ' असा रिपोर्ट घेऊन सगळे एकमेकांकडे बघतात. मोठ्या माणसाचं एका बाटलीत ८ ते १० एमएल, दोन वेगवेगळ्या जागांहून, कातडी पुसून ती पूर्ण वाळू द्यायची, बाटलीचं बूचही स्पिरिटने पुसायचं. दोन एमएल रक्त टाकून कल्चर पाठवणं म्हणजे पैसे वाया.

पण बीपी पडलंय, मान कडक आहे, पेशंट गुंगीत आहे, अशा वेळी कल्चरसाठी शीर शोधत अर्धा तास घालवायचा नाही. तिथे पहिल्या तासात औषध आत गेलं पाहिजे. मेनिंजायटिसमध्ये डेक्साची (डेक्सामेथासोन, सूज कमी करणारं स्टिरॉईड) ऑर्डर असेल तर ती अँटिबायोटिकच्या आधी किंवा बरोबर, नंतर नाही.

व्हायल हातात घेतल्यावर

नाव मोठ्याने वाचा. हसू नका. सेफ्ट्रायाक्झोन, सेफोटॅक्झिम, सेफ्टाझिडिम, सेफोपेराझोन, सेफ्युरॉक्झिम, सगळ्यांची पांढरी पावडर, सगळ्यांच्या सारख्याच बाटल्या, आणि एकाच ड्रॉवरमध्ये शेजारी शेजारी ठेवलेल्या. त्यात परत सलबॅक्टमवाली दीड ग्रॅमची व्हायल असते, म्हणजे १ ग्रॅम सेफ्ट्रायाक्झोन आणि ५०० मिलीग्रॅम सलबॅक्टम. डॉक्टरांनी साधं १ ग्रॅम लिहिलं असेल आणि मेडिकलने "हेच आहे, जास्त स्ट्राँग आहे" म्हणून दीडचं दिलं तर ते परत पाठवा, ते दुसरं औषध आहे.

मोठ्यांना साधारण डोस १ ते २ ग्रॅम दिवसातून एकदा. टायफॉईडला बहुधा २ ग्रॅम. मेनिंजायटिसला २ ग्रॅम दर १२ तासांनी, आणि दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही. मेनिंजायटिसच्या पेशंटला 'ओडी' (दिवसातून एकदा) लिहिलेलं दिसलं किंवा साध्या न्यूमोनियाला २ ग्रॅम 'बीडी' (दिवसातून दोनदा) दिसलं तर विचारायचं, "सर, हे असंच आहे ना?" एवढं विचारायला कोणाच्या बापाचं काही जात नाही.

आता पाणी. शिरेतून द्यायचं असेल तर व्हायलसोबत आलेलं स्टराईल वॉटर. १ ग्रॅमच्या व्हायलमध्ये ९.६ एमएल टाकलं की पावडरची स्वतःची जागा धरून दर एमएलला १०० मिलीग्रॅम होतं. सोबतची अँप्यूल १० एमएलची असते, ती सगळी टाकली तर मोठ्या माणसाला काही फरक पडत नाही कारण तिथे सगळंच द्यायचं असतं. लहान मुलाचा डोस मोजायचा असेल तेव्हा मात्र ९.६ च. २५० ची व्हायल असेल तर २.४ एमएल, ५०० ला ४.८.

पाणी सोडलं की हलवायचं, पण लस्सी घुसळल्यासारखं नाही, तळव्यात धरून फिरवायचं, नाहीतर फेस होतो आणि फेसात डोस मोजता येत नाही. उजेडाकडे धरून बघा. फिकट पिवळं ते थोडं मधासारखं, हा रंग ठीक आहे, नवीन मुली तो बघून घाबरतात. कण दिसले, गढूळ वाटलं, तर टाकून द्या. विरघळवलेलं शक्यतो लगेच वापरायचं. सकाळी सहा पेशंटच्या सहा व्हायल एकदम विरघळवून बिननावाच्या सीरिंज ट्रेमध्ये रांगेने लावायच्या, ही सवय मी बऱ्याच ठिकाणी बघितलीय आणि मला ती अजिबात आवडत नाही. एक पेशंट, एक व्हायल, एक सीरिंज, तिच्यावर चिकटपट्टी, पट्टीवर नाव.

शिरेतून देताना

व्हायलच्या आधी स्टँडकडे बघायचं, काय लटकतंय. आरएल असेल तर बंद. आरएलमध्ये कॅल्शियम असतं, सेफ्ट्रायाक्झोनला कॅल्शियम भेटलं की दोघांचा मिळून खडू होतो, माझ्या नळीत झाला तोच. हिमॅक्सेलमध्येही (रक्तस्रावात देतात ते जिलेटिनचं सलाईन) कॅल्शियम असतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. किडनीच्या पेशंटला पोटॅशियम वाढलं म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट देतात, रक्त चढवल्यावर देतात, तेही तेच. महिन्याच्या वरच्या पेशंटला ही दोन्ही औषधं एकामागून एक देता येतात, पण मध्ये लाईन नॉर्मल सलाईनने पूर्ण धुवून, आणि एकाच वेळी थ्री-वेच्या दोन तोंडांतून कधीच नाही. जमत असेल तर दुसऱ्या हाताला वेगळं इंट्राकॅथ, सगळ्यात सोपं. चालतात ती एनएस (नॉर्मल सलाईन) आणि ५ टक्के डेक्स्ट्रोज. व्हँकोमायसिन, अमिकासिन, जेंटामायसिन, फ्लुकोनाझोल यांच्यासोबत एकाच सीरिंजमध्ये किंवा बाटलीत मिसळायचं नाही, मध्ये फ्लश.

क्रम असा ठेवा: चालू सलाईन बंद, इंट्राकॅथची जागा बघा, लाल-कडक-दुखरी असेल तर नवीन लावा, मग ५ ते १० एमएल एनएसने फ्लश, मग औषध, मग परत फ्लश, मग जुनं सलाईन चालू. शेवटच्या फ्लशला कंटाळा येतो, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो, कारण नळीत उरलेल्या औषधावर आपणच आरएल सोडतो.

१ ग्रॅम पुश करायचं तर सावकाश, निदान ४-५ मिनिटं. घड्याळ बघून. ५ मिनिटं सीरिंज धरून उभं राहणं फार वाटतं, मोबाईल खिशात ठेवून करून बघा म्हणजे कळेल की आपण रोज दीड मिनिटात उरकत होतो. २ ग्रॅम असेल तर १०० एमएल एनएसमध्ये टाकून अर्ध्या तासात सोडलेलं बरं. सेटच्या पाकिटावर एका एमएलला किती थेंब ते छापलेलं असतं, २० असेल तर मिनिटाला साधारण ६७ थेंब, १५ असेल तर ५०.

लहान मुलाचा एक हिशोब करून दाखवते. बाळ ८ किलोचं, आज सकाळी वजन केलेलं (आईने सांगितलेलं वजन चालत नाही). ऑर्डर ७५ मिलीग्रॅम दर किलोला, म्हणजे ६०० मिलीग्रॅम दिवसातून एकदा. ९.६ एमएलने विरघळवलेल्या व्हायलमधून ६ एमएल काढायचे. मुलांना एवढा डोस पुश करायचा नाही, म्हणून ब्युरेटवाल्या (एमएलच्या खुणा असलेली नळकांडी) सेटमध्ये २४ एमएल एनएस घ्या, त्यात हे ६ सोडा, एकूण ३० एमएल, अर्ध्या तासात, मायक्रो ड्रिपने मिनिटाला ६० थेंब. ब्युरेटवर औषधाचं नाव आणि सुरू केल्याची वेळ लिहिलेली पट्टी. व्हायलमध्ये उरलेलं उद्यासाठी ठेवू का, असं नातेवाईक विचारतात, एवढं महाग औषध. त्यांना समजावून सांगा, बूच एकदा टोचलेली व्हायल घरच्या फ्रीजमध्ये दुधाशेजारी ठेवायची वस्तू नाही. बाळाला २५० च्या व्हायलने भागत असेल तर आधीच तशा मागवायच्या.

आयएम असेल तर

आयएम, म्हणजे स्नायूत दिलेलं, दुखतं, भयंकर दुखतं, म्हणून १ टक्का लिग्नोकेनमध्ये (बधिर करणारं औषध) विरघळवतात, १ ग्रॅमला साडेतीन एमएल. आपल्याकडे २ टक्केवाली मोठी बाटली असते, तर तेवढंच स्टराईल वॉटर मिसळून १ टक्का होतं. अ‍ॅड्रिनलिनवालं लिग्नोकेन नको. लिग्नोकेनची अ‍ॅलर्जी विचारा. कमरेला, वरच्या बाहेरच्या भागात खोल, आधी मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघून. एका जागी १ ग्रॅमपेक्षा जास्त नाही.

आणि ही लिग्नोकेनवाली सीरिंज चुकूनही शिरेत जाता कामा नये. भरली की भरणारीनेच जाऊन द्यायची. "ताई, जरा हे दे ना पाच नंबरला" म्हणून दुसरीच्या हातात दिली, तिने पाच नंबरला इंट्राकॅथ दिसलं म्हणून तिथे लावली, इतकं सोपं असतं ते घडणं.

बाळ महिन्याच्या आतलं असेल तर

इथे थांबायचं. महिन्याच्या आतल्या, म्हणजे २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला शिरेतून कॅल्शियम चालू असेल किंवा लागणार असेल, मग ते टीपीएनमधलं (शिरेतून दिल्या जाणाऱ्या पोषणातलं) का असेना, तर सेफ्ट्रायाक्झोन द्यायचंच नाही. वेगळ्या लाईनमधून, वेगळ्या वेळी, तरीही नाही. बाळांच्या फुप्फुसात आणि किडनीत हा खडू साचून मृत्यू झालेत, त्यावरूनच २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिला होता. मोठ्यांसाठी २००९ मध्ये तो थोडा सैल केला, बाळांसाठी नाही.

कावीळ असलेल्या नवजात बाळालाही नाही. हे औषध रक्तातल्या अल्ब्युमिनला घट्ट चिकटतं आणि तिथे आधीपासून बसलेल्या बिलिरुबिनला ढकलून देतं, ते मोकळं बिलिरुबिन मेंदूत जाऊ शकतं. अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर गर्भातले आठवडे आणि जन्मानंतरचे आठवडे मिळून ४१ होईपर्यंत नाही. अशा बाळांना डॉक्टर सहसा सेफोटॅक्झिम देतात. ऑर्डर सेफ्ट्रायाक्झोनची आली तर वाद घालू नका, फक्त वय, बिलिरुबिन आणि चालू कॅल्शियम, तीन आकडे फोनवर वाचून दाखवा. बालरोगतज्ज्ञ स्वतःच बदलतील. ज्या बाळाला चालतं, त्याला सुद्धा तासाभरात हळूहळू.

दिल्यानंतरचा अर्धा तास

पहिला डोस देऊन चहाला जायचं नाही. तळहात-तळपाय खाजणं, आवाज घोगरा होणं, उलटी, छातीत घरघर, "सिस्टर, जीव कसातरी होतोय", यातलं काहीही झालं की औषध बंद. इंट्राकॅथ ठेवा, नळी बदला. पेशंट आडवा, पाय वर, दम लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून बाथरूमला नेऊ नका. हाक मारा, आणि अ‍ॅड्रिनलिन: मोठ्या माणसाला १ एमएलला १ मिलीग्रॅमवालं ०.५ एमएल, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ०.३, त्याहून लहानाला ०.१५. मग ऑक्सिजन, एनएस जोरात, बीपी. ५ मिनिटांत सुधारलं नाही तर परत तेवढंच.

आपल्याकडे हात पहिला एव्हिल (खाज-गांधींवरचं इंजेक्शन) आणि डेक्साकडे जातो. ती द्या नंतर, पण बीपी पडलेल्या, घसा सुजलेल्या माणसाला वाचवणारं औषध ते नाही, आणि ती दोन अँप्यूल शोधून फोडण्यात जी तीन मिनिटं जातात ती अ‍ॅड्रिनलिनची असतात. ट्रेमध्ये अ‍ॅड्रिनलिन आणि १ एमएलची सीरिंज आधीच ठेवा, एक्सपायरी बघून. ज्या ठिकाणी हे नाही, म्हणजे कोणाच्या घरी पलंगावर बसवून, तिथे याचा पहिला डोस द्यायला कोणी बोलावलं तरी जाऊ नका, जास्त पैसे देत असले तरी.

पुढच्या दिवसांत काय बघायचं

४८ ते ७२ तासांनी डॉक्टरांनी परत विचार करायचा असतो, चालू ठेवायचं का, बदलायचं का, तोंडावाटे गोळी द्यायची का. कल्चरचा रिपोर्ट आला की त्यांच्यासमोर ठेवा, फाईलच्या मागे लावून ठेवू नका. टायफॉईडमध्ये मात्र बरोबर औषध चालू असूनही ताप उतरायला ४-५ दिवस, कधी आठवडा लागतो. नातेवाईक तिसऱ्या दिवशी दुसरं हॉस्पिटल शोधायला लागतात, त्यांना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. आणि ऑपरेशनच्या आधी इन्फेक्शन होऊ नये म्हणून दिलेला डोस एकदाच पुरतो, साध्या हर्नियानंतर पाच-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनं चालतात ती सवयीने चालतात.

पोटात उजवीकडे वरच्या बाजूला दुखतंय, उलट्या, आणि सोनोग्राफीत पित्ताशयात खडा दिसला, असं मुलांमध्ये आणि जास्त डोसवाल्यांमध्ये होतं, त्यात उपाशी किंवा पाणी कमी पिणाऱ्यांत जास्त. हे बहुतेक वेळा औषध आणि कॅल्शियमचा गाळ असतो. आमच्याकडे टायफॉईडची एक मुलगी होती, नऊ-दहा वर्षांची, आठव्या दिवशी सोनोग्राफीत खडे आले आणि तिचे आजोबा ऑपरेशनसाठी जमीन गहाण टाकायची भाषा करायला लागले. डॉक्टरांनी औषध बदललं, काही आठवड्यांनी परत सोनोग्राफी केली, पित्ताशय स्वच्छ. आजोबांना वाटलं देवाने ऐकलं. वाटू दे.

दिवसातून तीन-चारदा पातळ शौचाला लागलं, पोटात मुरडा, ताप, तर सी. डिफिसिलचा (अँटिबायोटिकनंतर आतड्यात माजणारा जंतू) विचार करावा लागतो, जुलाब बंद करायची गोळी स्वतःहून द्यायची नाही. किडनी फेल असलेला पेशंट अचानक बरळायला लागला, हातापायाला झटके यायला लागले, तर "म्हातारपण आहे, आयसीयूत असं होतं" म्हणून सोडू नका, डॉक्टरांना विचारा हे औषधामुळे असेल का, डायलिसिसने हे औषध फारसं निघतही नाही. आणि अचानक फिकट पडणं, डोळे पिवळे, लघवी लाल-काळी, हिमोग्लोबिन धाडकन खाली, हे दुर्मिळ आहे पण जीवघेणं आहे, औषध स्वतःच्याच लाल पेशी फोडायला लावतं. तसं वाटलं तर पुढचा डोस थांबवून आधी फोन. अशा पेशंटची कूम्ब्स टेस्ट (लाल पेशींना चिकटलेल्या अँटिबॉडी शोधणारी) पॉझिटिव्ह येऊन क्रॉसमॅचलाही अडचण येते, म्हणून ब्लड बँकेच्या फॉर्मवर हे औषध चालू असल्याचं लिहा.

सुई पांढऱ्या डब्यात, सीरिंज लाल पिशवीत, काचेची व्हायल निळ्यात, उरलेलं औषध बेसिनमध्ये ओतायचं नाही. केस पेपरवर औषधाचं नाव, डोस, कशात विरघळवलं, कुठल्या हाताला, सुरू आणि संपल्याची वेळ, सही. 'इंजे. गिव्हन' एवढं लिहून सही करणाऱ्या मुलीला मी परत बसवते.

डिस्चार्जच्या दिवशी पेशंटला सांगायचं की पुढच्या दोन महिन्यांत जुलाब लागले तर डॉक्टरांना हे इंजेक्शन झालं होतं म्हणून सांगा. आणि ज्याला रिअ‍ॅक्शन आली असेल त्याच्या कार्डावर लाल पेनाने, मराठीत, मोठ्या अक्षरात 'सेफ्ट्रायाक्झोन' हे पूर्ण नाव, तारीख, आणि नेमकं काय झालं ते दोन शब्दांत लिहा. नाहीतर दोन वर्षांनी तो माणूस रात्री दोन वाजता दुसऱ्या गावातल्या कॅज्युअल्टीत येतो आणि सांगतो, "मला त्या पांढऱ्या पावडरच्या इंजेक्शनने झालं होतं काहीतरी, नाव नाही माहीत."